न खाल्लेला गूळ

ज्यांच्या घरी रोज सकाळी चहाच्या आधी सुई उकळते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, पण त्यांना मी जरा चिडकी वाटेन. आहेच मी चिडकी. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्या म्हणायच्या की हिच्या अंगात एवढी साखर झाली, तर थोडी जिभेवर काऊन नाही उतरली.

मुंग्या

आम्ही मेहकरला राहायचो. हे पंचायत समितीत कारकून. घरात आम्ही दोघं, आत्याबाई आणि पाच वर्षांची कुंदा. त्या वर्षी दिवाळी झाली आणि मला तहान लागायला लागली. थंडीचे दिवस, लोक पाण्याला हात लावत नव्हते आणि मी तांब्यामागून तांब्या रिचवत होते. खाणं दुप्पट झालं आणि अंग मात्र उतरत गेलं, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. आत्याबाईंनी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या.

मग एका सकाळी त्यांनीच मला मोरीपाशी बोलावलं. मी रात्री लघवीला बसायचे त्या मोरीच्या दगडावर काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. त्यांच्या माहेरी कोणाचं तरी असंच झालेलं त्यांनी पाहिलं होतं. त्या ह्यांना म्हणाल्या, "हिले बुलढाण्याले ने. हे दृष्टीचं काम नाई." पुढे जे झालं ते सांगायच्या आधी हे सांगणं मला भाग आहे. माझा रोग पहिल्यांदा त्यांनी ओळखला.

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखं लाल होऊन बसलं. ह्यांनी विचारलं, सुई किती दिवस घ्यावी लागेल. डॉक्टर म्हणाले, जगायचं तितके दिवस. मी सव्वीस वर्षांची होते.

लोक सांगत होते की हा गादीवर बसणाऱ्या शेठ लोकांचा रोग. बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी एक हमाल बसला होता आणि रोहिणखेडकडची एक म्हातारी, अनवाणी. दोघांनाही तेच झालेलं. म्हातारी म्हणाली की सुई तिला परवडत नाही आणि टोचणारं गावात कोणी नाही, ती कडुलिंबाचा रस पिते. तिच्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. मी तिच्या पायाकडे पाहत राहिले आणि मला रडू फुटलं. तोवर मी रडले नव्हते.

हिवाळा बरा गेला

कंपाउंडरनं मला सुई घ्यायला शिकवलं. पहिल्या दिवशी मांडीला सुई लावून मी इतका वेळ बसले की चूल विझली. आठ दिवसांत सवय झाली. बाटली थंड ठेवायची होती. बर्फाचं कपाट मेहकरात मी तरी पाहिलं नव्हतं, म्हणून आत्याबाईंनी छोट्या मडक्यात ओली वाळू भरून दिली आणि ते पाण्याच्या रांजणाखाली ठेवलं. रोज वाळूवर पाणी शिंपडायचं काम कुंदाचं.

संध्याकाळी दिवाबत्ती झाली की माजघरात स्पिरिटचा दिवा लागायचा आणि नळी तापायची. कुंदाला तो खेळच वाटायचा. निळं राहिलं की ती टाळ्या वाजवायची. हिरवं झालं तर मला विचारायची की आज भाकरी जास्त खाल्ली का. ज्वारीची भाकरी, भाजी, ताक आणि डाळ. भात बंद, गूळ बंद, साखर बंद. थंडी संपेपर्यंत नळी बहुतेक निळीच राहिली आणि माझ्या बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या. हे कचेरीच्या कामानं महिन्यातून एकदोनदा बुलढाण्याला जायचे आणि येताना ओल्या फडक्यात गुंडाळून बाटली आणायचे.

मार्च आला आणि कचेरीत वर्षअखेरीचं काम पडलं. ह्यांना मान वर करायला सवड नव्हती. तेव्हा त्यांनी बुलढाण्याच्या औषधाच्या दुकानदाराला चिठ्ठी पाठवली की बाटली लोणारच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यावी. ड्रायव्हर शेषराव ओळखीचा, निर्व्यसनी आणि शब्दाचा पक्का. त्या वाटेनं डबे, चिठ्ठ्या, औषधं सगळं असंच यायचं. संध्याकाळी हे स्टँडवर जायचे आणि शेषरावच्या हातून बाटली घेऊन यायचे.

गाठी

त्याच सुमारास होळी आली. पुरण मी वाटलं, पोळ्या मी लाटल्या आणि चव पाहायला कुंदाला बसवलं. कुंदाच्या मामानं तिच्यासाठी साखरेची गाठी पाठवली होती, चांगली लांब, मध्ये मोठं पदक असलेली. ती खुंटीवर टांगून ठेवली.

होळीनंतर आठवड्यात नळी हिरवी झाली. मग पिवळी. मग एका संध्याकाळी विटकरी, अगदी पहिल्या दिवसासारखी. मला वाटलं नळी नीट धुतली नसेल. पुन्हा केली, पुन्हा तोच रंग.  आत्याबाईंनी उठून खुंटीवरची गाठी हातात घेतली आणि पदरं, म्हणजे माळेतल्या साखरेच्या चकत्या, मोजली. पदक नव्हतं, आणि त्याच्या बाजूची चार-पाच पदरंही गेली होती.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. दुसऱ्या दिवशी गुळाच्या कोठीला कुलूप लागलं आणि किल्ली आत्याबाईंच्या कमरेला गेली. आमच्यासारख्या घरात सुनेच्या हाताखालच्या कोठीला कुलूप लावणं म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको. वाण्याकडून गूळ आला की त्या भेलीवर बोटानं खूण करायच्या. मी शपथ घेतली, देवाची घेतली, माझ्या आईची घेतली. त्या म्हणाल्या, "शपथा कायले घेतं? पाणी लाल झालं तं झालं. पाणी खोटं बोलते काय?"

ह्यांनी आधी माझी बाजू घेतली. पण रोज संध्याकाळी तो विटकरी रंग पाहून माणूस किती दिवस बाजू घेणार? एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "तुले खावंसं वाटत असंन तं मले सांग. मी समजून घेईन." त्यांनी हे प्रेमानं म्हटलं होतं. आत्याबाईंचं कुलूप मला इतकं लागलं नाही जितकं हे लागलं.

मी जेवण तोडलं. दोन भाकरींची एक केली, एकीची अर्धी केली. तरी रंग तोच. आता मला माझाच भरवसा वाटेना. झोपेत उठून खाते की काय मी? सकाळी उठल्यावर बोटं हुंगून पाहायची, नखांत गुळाचा कण आहे का ते पाहायची. हसू येईल वाचणाऱ्याला. मला आजही येत नाही.

एका दुपारी स्वयंपाकघरात डाळ काढायला गेले, तर कुंदा दारात येऊन बसली. मी म्हटलं, जा खेळायला. ती म्हणाली, "आजीनं सांगतलं, आई कोठीजवळ गेली का तिथंच बसायचं." मी डाळ तशीच ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

वास

वैशाखात माझं उठणं-बसणं अवघड झालं. पिंढऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढे धुकं, रात्रंदिवस पाणी. बाटली होती, सुई होती, मी रोज टोचत होते आणि तरीही मी वाळत चालले होते. बाटलीतल्या दुधट औषधात बारीक कणी दिसायची. मला वाटलं, उन्हाळ्यात होत असेल तसं. मी ते कोणाला सांगितलं नाही, आणि ती चूक माझी आहे.

गल्लीत आंब्यांच्या पाट्या यायला लागल्या होत्या. एका सकाळी आत्याबाई माझ्या अंथरुणाशी वाकल्या, मला ताप आहे का पाहायला, आणि तशाच थांबल्या. त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग सरळ उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी शपथेवर सांगेन.

"पिकल्या आंब्याचा वास येऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "मराले टेकली तरी खाऊन राह्यली तू. लेकराचं तरी पाहाव माय."

हे दारात उभे होते, कुंदा त्यांच्या धोतराला धरून. आत्याबाईंनी विचारलं, गाठीचं पदक तूच खाल्लं ना? गूळबी खाल्ला? आंबाबी? मी किती वेळा नाही म्हणू? महिनाभर नाही म्हणत होते. अंगात बोलायचं बळ नव्हतं आणि वाटलं, हो म्हटलं तर हे प्रश्न तरी थांबतील, मला झोपू देतील.

मी म्हटलं, "हाव. सगळं मीच खाल्लं."

खरंच थांबले प्रश्न. घरात सुटल्यासारखं झालं. आत्याबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आमच्या गल्लीतले डॉक्टर आदल्याच दिवशी म्हणाले होते की सुईचं औषध वाढवून पाहू, नाहीतर बुलढाण्याला नेऊ. संध्याकाळी ते आले तेव्हा ह्यांनी त्यांना सांगितलं की तिनं कबूल केलं आहे. डॉक्टर म्हणाले, मग औषध वाढवायचं कारण नाही, खाणं बंद ठेवा, आपोआप उतरेल. माझ्या एका शब्दानं बुलढाण्याचा रस्ता दोन दिवस बंद झाला. कोणाचा राग आला की आधी मला माझा तो शब्द आठवतो.

बोनट

तिसऱ्या सकाळी मी पाणी प्यायले की उलटत होते आणि श्वास धावून आल्यासारखा चालला होता. हे घाबरले. बैलगाडीत घालून मला स्टँडवर आणलं आणि लोणारहून आलेल्या बुलढाण्याच्या गाडीत चढवलं. गाडी शेषरावचीच होती. त्यानं ड्रायव्हरमागचं बाक लोकांना उठवून रिकामं केलं आणि मला तिथे निजवलं.

मला सगळं आठवत नाही. चिखलीच्या अलीकडे केव्हा तरी डोळे उघडले. गाडी चढाला लागली होती. शेषराव ह्यांच्याशी बोलत होता, वहिनींना एवढं कसं झालं म्हणून विचारत होता. मग म्हणाला, "मी तं त्याहीचं औषध लेकरावानी आणतो, साहेब. मांगं पब्लिकच्या पायात नाई ठेवत. इथंसा बोनटवर ठेवतो, डोळ्यासमोर. बुलढाणा ते मेहकर, हात लावू देत नाई कोणाले."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, बोनट म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचं इंजिनावरचं झाकण. आमच्याकडे गाडीतली मानाची जागा ती. फौजदाराची टोपी, लग्नाचा मुहूर्ताचा नारळ, देवाचा प्रसाद, सगळं तिथेच ठेवतात. आणि दुपारच्या उन्हात इंजिन चालू असताना त्यावर पाण्याचा थेंब पडला तर चर्र होऊन उडून जातो.

मी पाहिलं, ह्यांनी बोनटवर तळहात ठेवला. झटकन काढला. मग पुन्हा ठेवला आणि या खेपेला बराच वेळ काढला नाही. मला ओरडून सांगायचं होतं की पाहा, पाहा, मी खाल्लं नव्हतं. जीभ टाळूला चिकटली होती. मरण आलं तर ते मी चोर ठरलेली असताना येईल, एवढंच मला कळत होतं, आणि त्या गाडीत मला मरणाची नाही, त्याची भीती वाटली.

तीन दिवस

दवाखान्यात हाताच्या शिरेतून मिठाचं पाणी आणि दर थोड्या वेळानं सुई. जाग आली तेव्हा छताचा पंखा दिसला आणि बाजूला लोखंडी स्टुलावर हे. नर्सबाईंनी माझा कागद वाचला होता. त्या म्हणाल्या, बाई, गूळ एवढा गोड लागतो का, की लेकराला उघडं टाकून जायला निघालात? मी म्हटलं, मी नाही खाल्ला. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. तुम्हीच कबूल केलंय की. मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिसऱ्या दिवशी, भाकरी-वरणाचं जेवण सुरू झाल्यावर, दवाखान्यातल्या बाटलीची सुई घेऊन माझी नळी तापवली. पाणी निळं राहिलं. हे उठले, कोटाच्या खिशातून आमच्या घरची बाटली काढली आणि डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टरांनी ती हलवली, खिडकीकडे धरली. काचेला आतून पांढरी कणी चिकटलेली होती. त्यांनी विचारलं, ही कुठे ठेवली होती?

"इंजिनावर," हे म्हणाले.

औषध मेलं होतं. गेले दोन महिने मी जवळजवळ पाणीच टोचून घेत होते. तोंडाला येणारा वासही त्याचाच, साखर अंगी लागेनाशी झाली की शरीर स्वतःचीच चरबी जाळतं आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो, असं डॉक्टरांनी समजावलं. नर्सबाईंनी त्या दिवशी माझी वेणी घालून दिली, न सांगता.

पण एक गोष्ट मी ह्यांना विचारली. बाटली पहिल्या दिवसापासून खिशात होती, मग तीन दिवस काऊन थांबले? त्यांनी आपला तळहात पाहिला. मग म्हणाले की आधी पाणी निळं राहतं का ते पाहायचं होतं. म्हणजे हात भाजला तरी खात्री पटायला तीन दिवस आणि एक नळी लागली. ते वाईट नवरे नाहीत. माझ्यासाठी ते तीन रात्री त्या स्टुलावर बसले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला दोन्ही सांभाळून जगावं लागतं.

किल्ली

घरी आले तेव्हा आत्याबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. ओवाळून टाकला, पाय धुतले आणि आत आल्यावर कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "वास आला होता मले, शांते. मी खोटं नाई बोलली."

मी म्हटलं, "वास होता, आत्याबाई. आंबा नव्हता."

त्यापुढे आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. त्यांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली, मी त्यांचं शेवटचं आजारपण काढलं. कोठीला कुलूप राहिलं नाही, पण किल्ली मी टाकून दिली नाही.

शेषराव एकदा घरी आला. उंबऱ्याच्या आत येईना, चहा घेईना. टोपी हातात चुरगाळत उभा राहिला आणि मग एवढंच विचारलं की आता बाटली कशी आणायची ते सांगा. पुढच्या खेपेपासून गाडीच्या बाहेर टांगलेल्या छागलीच्या, म्हणजे पाण्याच्या कॅनव्हासच्या पिशवीच्या, गळ्याशी, ओल्या कापडात, बाटलीचा छोटा डबा बांधून येऊ लागला. वारा लागतो, कापड ओलं राहतं. कंडक्टर हसून सांगायचा की आता ड्रायव्हर त्या छागलीतलं पाणी कोणालाच पिऊ देत नाही. नळी पुन्हा निळी यायला लागली.

आता गावात माझ्याकडे बायका येतात, मागल्या दारानं. मला वाटायचं मेहकरात मी एकटी. तशी नव्हते, बाकीच्या लपून होत्या. कोणाची सून, कोणाचा भाऊ, कोणाचा बारा वर्षांचा नातू. सगळ्यांच्या घरी कोणीतरी कोणावर नजर ठेवून असतं. मी त्यांना एकच सांगते. नळीचा रंग बिघडला तर आधी बाटलीला विचारा. ती कुठून आली, कशी आली, कुठे ठेवली होती ते पाहा. माणसाला त्यानंतर विचारा. आणि तुमच्यातल्या ज्याला टोचून घ्यावं लागतं त्याला सांगते, न केलेलं कबूल करू नका. कितीही दमलात तरी.

मी हे सांगते ते कुंदामुळे. त्याच वर्षी श्रावणात आम्ही दोघी माजघरात बसलो होतो. मी नळी दिव्यावर धरली होती, ती हनुवटी गुडघ्यावर टेकवून पाहत होती. पाणी निळंच राहिलं. या वेळी तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. खाली पाहत म्हणाली, "आई, गाठीचं पदक मी खाल्लं होतं. बाजूची पदरंबी."

मी दिवा विझवला. विचारलं, मग आजी मला विचारत होती तेव्हा तू काऊन नाही बोलली?

तिनं हनुवटी गुडघ्यावरून उचलली.

"तू हाव म्हणली ना," ती म्हणाली. "मले वाटलं, मी नसंन खाल्लं."